क्लासडोजो : पॉइंट मुलांचे, हिशोब शिक्षकाचा

निकाल आधी सांगून टाकतो. क्लासडोजो हे शिक्षकांसाठीचं ॲप आहे तसं चालू केलं तर पाचपैकी दोन तारे. पहिल्या दिवशी चार-पाच सेटिंग्ज बदलली आणि रिपोर्ट नियमाने उघडला तर चार. एवढा फरक क्वचितच एखाद्या ॲपमध्ये पडतो, म्हणून हे लांबलचक परीक्षण.

क्लासडोजो 2011 मध्ये सॅम चौधरी आणि लियाम डॉन यांनी सुरू केलं. कंपनी सॅन फ्रान्सिस्कोची. शिक्षकाला ते फुकट आहे. कमाई पालकांकडून, 'प्लस' नावाच्या वर्गणीतून होते. मूळ कल्पना अगदी साधी. वर्गाची यादी भरायची, प्रत्येक मुलाला एक गमतीशीर मॉन्स्टरचं चित्र मिळतं. मुलाच्या नावावर टिचकी, मग वर्तनावर टिचकी, की पॉइंट जमा. चांगल्यासाठी अधिक, वाईटासाठी उणे. वर्गात स्मार्ट टीव्ही असेल तर सगळ्यांचे मॉन्स्टर आणि त्यांच्या डोक्यावरचे आकडे समोर दिसतात, पॉइंट पडला की टुंग असा आवाज येतो. मुलांना हे प्रचंड आवडतं. पहिला आठवडा वर्ग कमालीचा शांत असतो, आणि बहुतेक शिक्षक त्याच आठवड्याच्या जोरावर शेजारच्या वर्गातल्या बाईंना ॲपची शिफारस करून मोकळे होतात.

तिसऱ्या आठवड्यात चित्र बदलतं. आठ-दहा मुलं पंचवीस-तीस पॉइंटांवर, मधली गर्दी सात-आठवर, आणि चार-पाच जण उणे तीन, उणे चार. ही चार-पाच नावं कोणती, हे शिक्षकाने जूनमध्येच न बघता सांगितलं असतं. इथेच खरी मेख आहे. वर्गात काय घडलं यापेक्षा शिक्षकाला काय दिसलं, हे या ॲपमध्ये जास्त नोंदलं जातं. आणि शिक्षकाला काय दिसतं ते बऱ्याच अंशी त्याने कोणाकडून काय अपेक्षा ठेवली आहे त्यावर ठरतं.

अपेक्षांचा हा परिणाम पहिल्यांदा ठळकपणे मांडला तो रॉबर्ट रोझेंथाल आणि लेनोर जेकबसन यांनी, 1968 मध्ये. दक्षिण सॅन फ्रान्सिस्कोच्या एका प्राथमिक शाळेत त्यांनी मुलांची बुद्धिमत्ता चाचणी घेतली आणि शिक्षकांना सांगितलं की यातली सुमारे 20 टक्के मुलं यंदा झपाट्याने पुढे जाणार आहेत. नावं प्रत्यक्षात चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली होती. वर्षअखेरीस पहिली-दुसरीतली ती मुलं इतरांपेक्षा खरोखर पुढे गेलेली दिसली. वरच्या वर्गांत तसा फरक पडला नाही. या प्रयोगावर पुढे भरपूर टीका झाली, चाचणीवरही आणि आकडेमोडीवरही, आणि ती बरीचशी रास्त आहे. पण 1984 मध्ये स्टीफन रॉडनबुश यांनी अशा अनेक प्रयोगांचा एकत्र अभ्यास केला तेव्हा एक उपयोगी गोष्ट निघाली: शिक्षक मुलांना जितका कमी काळ ओळखतो तितका सुचवलेल्या अपेक्षेचा परिणाम जास्त. दोन आठवड्यांहून अधिक ओळख असेल तर परिणाम जवळपास दिसत नाही, कारण मत आधीच बनलेलं असतं. म्हणून क्लासडोजो लावायचं तर शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात लावा. दिवाळीनंतर लावलं तर आधीच बनलेल्या मतांना आकडे चिकटवण्यापलीकडे फार काही होत नाही. (आणि आधीच्या वर्गशिक्षकांकडून 'हा कसा, तो कसा' ही मौखिक यादी घेण्याची घाई करू नका. आरोग्याच्या किंवा घरच्या अडचणी तेवढ्या विचारून घ्या.)

पहिल्या दिवशी काय बदलायचं

वर्ग तयार केला की ॲप स्वतःची कौशल्यं देतं. इतरांना मदत, गटकार्य, चिकाटी, मेहनत वगैरे अधिकची. आणि गृहपाठ नाही, मध्येच बोलणं, तयारीविना येणं वगैरे उणेची. ही यादी बाद करायची. नावं टाइप करून बदलता येतात, मराठीत लिहिता येतात, नको ती काढता येतात.

उणेचे सगळे आधी काढा. कारण सरळ आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 मधलं कलम 17 शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं. चाळीस मुलांसमोर टीव्हीवर एखाद्याच्या डोक्यावर लाल आकडा चढवणं त्याच्या फार जवळ जातं, असं आमचं स्पष्ट मत आहे. शिवाय ते चालतही नाही. उणे तीनवर असलेल्या मुलाला शून्यावर यायलाच तीन वेळा चांगलं वागावं लागतं. दुसऱ्याच दिवशी तो हिशोब सोडून देतो आणि उणे दहा करून दाखवण्यात त्याला मजा वाटू लागते. मारामारी, चोरी, शिवीगाळ हे पॉइंटांचे विषयच नाहीत. ते मधल्या सुट्टीत एकट्याला बाजूला घेऊन बोलण्याचे विषय आहेत.

अधिकची कौशल्यं पाचच ठेवा. पाचाहून जास्त झाली की बोट योग्य चौकोन शोधत बसतं. आणि शब्द असे निवडा की दाराबाहेर उभ्या तिसऱ्या माणसालाही ती कृती घडली की नाही ते सांगता यावं. 'चांगली वागणूक', 'हुशारी', 'एकाग्रता' असं लिहिलं की त्या पोकळीत आपलं जुनं मत भरलं जातं. आम्ही सुचवतो ते पाच असे: 'लगेच सुरुवात' (सूचना दिल्यावर मिनिटभरात वही उघडून पहिली ओळ लिहिली), 'कारण सांगितलं' (उत्तराबरोबर का तेही सांगितलं, उत्तर चुकलेलं असलं तरी), 'चूक दुरुस्त केली' (स्वतः शोधून, खोडून, पुन्हा केलं), 'प्रश्न विचारला', आणि 'पद्धत समजावली' (शेजाऱ्याला उत्तर न देता रीत सांगितली). यातली चार अशी आहेत की अभ्यासात मागे असलेल्या मुलालाही पहिल्याच दिवशी मिळवता येतील. यादीत सगळं बरोबर उत्तरांशी जोडलेलं असेल तर महिनाभर तीच आठ मुलं पॉइंट गोळा करतात.

'शांत बसला' हे कौशल्य मुद्दाम ठेवलेलं नाही. त्याचं कारण रिपोर्टपाशी सांगतो.

प्रत्येक कौशल्याचं वजन एकच ठेवा. ॲप जास्त वजन ठेवायला देतं, पण 'कारण सांगितलं'ला तीन आणि 'लगेच सुरुवात'ला एक असं केलं की मुलं भाव करू लागतात. आवाज बंद. टीव्हीवर पॉइंटांचा पडदा ठेवू नका. फोन शिक्षकाच्या हातात किंवा टेबलावर असू दे. टीव्हीवर आकडे दिसले की शिकवणं सोडून सगळा वर्ग आकड्यांकडे बघतो, आणि ज्याला काहीच मिळालं नाही तोही ते बघत असतो.

मॉन्स्टर राहू द्या. लहान वर्गात त्यांचा काही तोटा नाही, आणि फोटो न टाकण्याचं ते चांगलं निमित्त आहे.

किती पॉइंट द्यायचे

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, म्हणून हिशोबच मांडतो. पट 42 धरा, तासिका 35 मिनिटांची. एका पॉइंटाला दोन टिचक्या आणि नाव शोधणं मिळून साधारण चार सेकंद. प्रत्येक मुलाला एकेक द्यायचा म्हटलं तर 168 सेकंद, म्हणजे जवळपास तीन मिनिटं मान खाली. तेवढ्या वेळात मागच्या कोपऱ्यात जे व्हायचं ते होऊन जातं. वर्ग हाताळण्याचा पाया शिक्षकाची नजर फिरती असण्यात आहे. जेकब कूनिन यांनी 1970 च्या सुमारास वर्गांच्या चित्रफिती तपासून हेच दाखवलं होतं. गडबड झाल्यावर तुम्ही काय बोलता यापेक्षा गडबड होण्याआधी वर्गात काय चाललंय ते तुम्हाला ठाऊक आहे असं मुलांना वाटतं की नाही, यावर जास्त अवलंबून असतं. फोनमध्ये घातलेली मान ही त्याच्या बरोबर उलट गोष्ट.

तेव्हा तासिकेला 10 ते 12 पॉइंट, त्याहून जास्त नाही. दिवसभर एकच शिक्षक असलेल्या प्राथमिक वर्गात पाच तासिकांना 50 ते 60 होतात, म्हणजे 42 मुलांना रोज एकेक पोचवणं शक्य आहे. सहावीपासून पुढे विषयशिक्षकाकडे आठवड्याला सहा तासिका असतील तर 60 ते 72. आठवड्याला प्रत्येकी एक सहज, काहींना दोन.

आणि हे पॉइंट चालत्या शिकवण्यात सुटे सुटे देऊ नका. तासिकेत तीन थांबे ठरवा. समजा अपूर्णांकांची बेरीज चाललीय. फळ्यावर 2/3 + 1/4 लिहिलं, 'वहीत सुरुवात करा' म्हटलं. पाचव्या मिनिटाला पहिला थांबा: वर्गातून एक फेरी मारून कोणी सुरुवात केली ते पाहा, मागे येऊन चार जणांची नोंद करा. विसाव्या मिनिटाला दुसरा. तोवर कोणीतरी 3/7 असं उत्तर काढलेलं असतं, अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून. त्याला फळ्यापाशी बोलवा आणि 'कसं काढलंस?' एवढंच विचारा. त्याने रीत सांगितली तर 'कारण सांगितलं'चा पॉइंट त्याचा, उत्तर चुकलेलं असूनही. वर्गाला विचारा, 3/7 हे 2/3 पेक्षा मोठं की लहान? बेरीज केल्यावर संख्या कमी कशी झाली? इथे दोन-तीन हात वर येतात, आणि बऱ्याचदा पहिला त्याच मुलाचा असतो. शेवटच्या तीन मिनिटांत तिसरा थांबा, राहिलेल्या नोंदी. वर्गात बोलताना पॉइंट शब्द न उच्चारता कृती सांगा: 'रोहनने छेद वेगळे आहेत हे बघून थांबून विचार केला.' चारांपैकी तीन पॉइंट तर घोषणा न करताच द्या.

घोषणा न करण्यामागे कारण आहे. 1973 मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतल्या, चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या मुलांवर प्रयोग केला. 'चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल' असं ज्यांना आधी सांगितलं होतं, ती मुलं पुढे मोकळ्या वेळात इतरांच्या निम्म्यानेच चित्रं काढू लागली. ज्यांना न सांगता अचानक बक्षीस मिळालं, त्यांची आवड टिकली. म्हणजे बिघाड आधी लावलेल्या आमिषाने होतो. 'बाई, मला पॉइंट?' असं मुलं विचारू लागली की समजा, गाडी त्या वळणावर गेली आहे. त्यावर वाद न घालता आठवडाभर एकही पॉइंट जाहीर करू नका. प्रश्न आपोआप थांबतो.

पॉइंटांवर चॉकलेट, पेन्सिल, 'स्टार ऑफ द वीक' काही नको. फार तर सगळ्या वर्गाची बेरीज 300 झाली की शनिवारी अर्धा तास मैदान. गटांनाही पॉइंट देता येतात. गटागटांत चांगल्या वागणुकीचा खेळ ही जुनी, तपासलेली पद्धत आहे, 1969 पासूनची. पण एका मुलामुळे गट मागे पडला की बाकीचे त्याला मधल्या सुट्टीत गाठतात. गटाचे पॉइंट कधीही कापायचे नाहीत, आणि मुद्दाम खोडा घालणाऱ्या मुलाला काही दिवस स्वतंत्र गट मानायचं. एवढं सांभाळलं तर पाचवीपर्यंत चालतं; आठवीत मुलं हसतात.

रिपोर्ट: याच्यासाठी ॲप ठेवायचं

ॲपमध्ये तारखा निवडून सगळ्या वर्गाचा किंवा एकेका मुलाचा रिपोर्ट निघतो. गोल चकतीत कोणतं कौशल्य किती, ते दिसतं. बहुतेक शिक्षक हा रिपोर्ट पालकसभेत उघडतात. तो एकट्याने उघडायचा असतो.

दर दुसऱ्या शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, पंधरा मिनिटं. रिपोर्ट उघडण्यापूर्वी कागदावर वर्गातल्या मुलांची नावं आठवतील तशी लिहा, हजेरीपट न बघता. शेवटची सहा-सात नावं कोणती आली, कोणती आठवलीच नाहीत, त्यांखाली रेघ मारा. मग रिपोर्ट उघडा आणि दोन आठवड्यांत शून्य किंवा एक पॉइंट असलेली नावं काढा. दोन्ही याद्या बऱ्यापैकी जुळतात. जुळल्या नाहीत तर शाबासकी घ्या.

नंतर ही नावं बैठकीच्या नकाशावर टाका. 1970 मध्येच अ‍ॅडम्स आणि बिडल यांनी दाखवलं होतं की शिक्षकाचा संवाद बहुतेक पुढच्या रांगेत आणि मधल्या पट्ट्यात घडतो. तुमचे शून्यवाले डाव्या-उजव्या भिंतीकडेला आणि मागे सापडले तर दोष त्यांच्या अभ्यासात शोधण्याआधी स्वतःच्या चालण्यात शोधा. आपण फळा ते टेबल एवढंच फिरतो का? मुली एका बाजूला, मुलगे दुसऱ्या बाजूला बसत असतील तर दोन्हीकडची बेरीज वेगळी काढा. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोलीकडे घरी भिली, कोरकू, गोंडी बोलणाऱ्या मुलांची बेरीजही वेगळी काढा. 'कारण सांगितलं' हे त्यांनी घरच्या भाषेत सांगितलं तरी पॉइंट द्यायचा, समजायला शेजारच्या मुलाची मदत घ्यायची.

आता 'शांत बसला'कडे. एकेका मुलाची चकती बघा. कच्चा समजल्या गेलेल्या मुलाला 'लगेच सुरुवात'चे सहा आणि बाकी शून्य, आणि हुशार समजल्या गेलेल्या मुलीला 'कारण सांगितलं'चे सहा, असं दिसलं तर बेरीज सारखी असूनही शिक्षकाची दोघांशी वागणूक सारखी नाही. एकीकडून विचाराची अपेक्षा आहे, दुसऱ्याकडून फक्त वही उघडण्याची. मुलांना हे आपल्याला वाटतं त्याहून लवकर कळतं. सोप्या गोष्टीवर भरमसाट कौतुक झालं की 'माझ्याकडून यांना एवढंच जमेल असं वाटतं' हा अर्थ अकरा-बारा वर्षांचं मूलही लावतं. 'शांत बसला' यादीत असतं तर कच्च्या मुलांचे सगळे पॉइंट तिथेच जमा झाले असते आणि बेरीज बघून आपणही खूश झालो असतो.

शून्यवाल्यांची यादी हाती आली की पॉइंटांची खैरात करून आकडे सारखे करायचे नाहीत. ती सहा नावं पुढच्या दोन आठवड्यांच्या टाचणाच्या (पाठाच्या नियोजनाच्या) समासात लिहा, आणि त्यांच्याशी प्रश्नोत्तरं बदला. जेअर ब्रॉफी आणि टॉमस गुड यांनी वर्गनिरीक्षणांतून दाखवलेला फरक नेमका इथला: ज्याच्याकडून अपेक्षा कमी, तो अडखळला की शिक्षक उत्तर स्वतः देतो किंवा 'सांग रे दुसरं कोणी' म्हणून पुढे जातो, ज्याच्याकडून अपेक्षा जास्त, त्याला प्रश्न फोडून विचारतो, इशारा देतो. मेरी बड रो यांनी मोजलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतो, आणि थांबणं तीन सेकंदांवर नेलं की उत्तरं लांब होतात, 'माहीत नाही' कमी होतं. त्या सहा मुलांसाठी मनात 'एक हजार एक, एक हजार दोन, एक हजार तीन' म्हणा. मग इशारा, मग प्रश्नाचा छोटा तुकडा. तरीही नाही जमलं तर 'दोन मिनिटांनी परत येते तुझ्याकडे' म्हणा आणि खरंच परत जा. परत न जाणं हे सर्वांत वाईट.

याचा एक कागदोपत्री फायदाही आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदी लिहायची वेळ आली की शाळेतून एकच तयार पीडीएफ फिरते आणि बेचाळीस मुलं 'उपक्रमात आनंदाने सहभागी' होतात. हा रिपोर्ट समोर असेल तर 'ऑगस्टपासून चूक स्वतः शोधून दुरुस्त करतो, प्रश्न विचारायला अजून कचरतो' असं मुलागणिक वेगळं लिहिता येतं.

रँडम बटण

ॲपच्या टूलकिटमधलं, म्हणजे वर्गात वापरायच्या छोट्या साधनांमधलं, हे सगळ्यांत आवडीचं. बटण दाबलं की एक नाव पडद्यावर येतं. सगळ्यांना समान संधी मिळते असं वाटतं, पण आकडे तसं म्हणत नाहीत. 42 मुलं, तासिकेला दहा नावं, आठवड्याला पाच तासिका. एखादं मूल एका तासिकेत न निवडलं जाण्याची शक्यता 32/42, आणि पाचही तासिकांत न निवडलं जाण्याची साधारण चतुर्थांश. म्हणजे दहा-अकरा मुलांना आठवडाभर कोणी विचारलेलंच नसतं. यापेक्षा आइस्क्रीमच्या काड्या बऱ्या. प्रत्येकीवर एक रोल नंबर, दोन डबे. काढलेली काडी दुसऱ्या डब्यात. पाचव्या तासिकेपर्यंत सगळे होतात. एकच सावधगिरी: काडी प्रश्नानंतर काढा. आधी नाव काढून मग प्रश्न विचारला की बाकीचे 41 जण सुटतात.

नॉइज मीटर (वर्गातला आवाज मोजणारं साधन) मुलं पहिल्या दिवशी ओरडून काटा उडवण्यासाठी वापरतात, आणि कोकणात जुलैमध्ये पत्र्याच्या छपराखाली तो पावसाचाच आवाज मोजत बसतो. टायमर ठीक. हजेरी ॲपमध्ये घेऊ नका, हजेरीपट भरावाच लागतो.

पालक आणि माहिती

पालकांना कोडने जोडता येतं. प्रत्येक पालकाला फक्त स्वतःच्या मुलाचं दिसतं, आणि शिक्षकाचा फोन नंबर कोणाकडे जात नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर पहाटे साडेपाचला येणाऱ्या सुप्रभाताच्या फुलांना कंटाळलेल्यांना याची किंमत कळेल. संदेश स्वीकारण्याच्या वेळाही ठरवता येतात. अडचण दुसरीच आहे. 'आज एकच पॉइंट?' म्हणून संध्याकाळी घरी ओरडा बसतो. रोजच्या आकड्याचा अर्थ पालकांना आपण सांगितलेला नसतो. तेव्हा पालकांना पहिल्या सत्रात जोडू नका. पालकसभेत पाच कौशल्यं समजावून सांगितल्यावर जोडा, आणि सांगा की पॉइंट मोजू नका, कशासाठी मिळाला ते मुलाला विचारा. घरात एकच फोन आणि तोही वडिलांबरोबर कामावर जाणारा, अशी घरं वर्गात बरीच असतील तर हा भाग सोडूनच द्या. अर्ध्या पालकांना मिळणारी माहिती उरलेल्या अर्ध्यांवर अन्याय करते.

'प्लस' घेतलेल्या घरांना मॉन्स्टर सजवण्याच्या जादा सोयी मिळतात. वर्गात पडदा दाखवायचा नाही, याला हेही एक कारण.

माहितीच्या सुरक्षिततेबद्दल 2014 मध्ये अमेरिकेत बरीच ओरड झाली, तेव्हा कंपनीने वर्तनाच्या नोंदी एका शालेय वर्षापेक्षा जास्त ठेवणार नसल्याचं जाहीर केलं. आपल्याकडे डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियम, 2023 प्रमाणे 18 वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येणारी संमती लागते, आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्याला बंधन आहे. नियमांत शैक्षणिक संस्थांना काही सवलत दिलेली आहे, पण ती भरवशाची ढाल समजू नका. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आणि पालकांचं संमतिपत्र फाइलला लावा. पूर्ण नावाऐवजी पहिलं नाव आणि रोल नंबर टाका. जात, आजार, घरची परिस्थिती यातलं काहीही नोंदीत लिहू नका. रिपोर्ट सत्राअखेर उतरवून घ्या आणि एप्रिलमध्ये वर्ग काढून टाका.

कोणी घेऊ नये

जिथे नेटवर्क शाळेच्या गच्चीवरच मिळतं, जिथे एका खोलीत पहिली ते चौथी बसते, किंवा जिथे मुख्याध्यापक पॉइंटांचा तक्ता सूचनाफलकावर लावायला सांगतील, तिथे नको. त्यांच्यासाठी ए-फोर कागद पुरेसा आहे. बैठकीप्रमाणे चौकोन आखा, प्रत्येकात रोल नंबर, खाली पाच कौशल्यांची पाच अक्षरं: सु, का, चू, प्र, प. झेरॉक्स काढून पाटीला चिमटा लावून हातात ठेवा, तीन थांब्यांना पेन्सिलीने अक्षर लिहा. एका आठवड्याला एक कागद. बैठकीचा नकाशा इथे वेगळा काढावा लागत नाही, कोणता कोपरा कोरा राहिला ते शनिवारी कागद हातात घेतल्याबरोबर दिसतं. ॲप हे आपणहून दाखवत नाही. बेरीज हाताने करावी लागते, एवढाच तोटा. पट पन्नासच्या वर असेल तर कागदच जलद पडतो, कारण पडद्यावर खालीवर सरकवत नाव शोधावं लागत नाही.